करकंबच्या उसातले महायुद्ध

सोलापूर जिल्ह्याला विसाव्या शतकातल्या युद्धांची आणि उठावांची आठवण विचारली तर तो दोन ठिकाणी बोट दाखवतो. एक डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक आणि दुसरे चार हुतात्म्यांचे पुतळे. कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपान्यांशी लढताना जखमी झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. दोन्ही आठवणी जपाव्यात अशाच आहेत. पण त्यातून एक समज नकळत पक्का होत गेला, की युद्ध आणि उलथापालथ या गोष्टी शहरात घडतात नाहीतर परदेशात. खेड्यात येते ती त्यांची फक्त बातमी. पुतळा माणसाचा उभारता येतो, सरकारी हुकमाचा उभारता येत नाही, त्यामुळे हा समज खोडून काढायला डोळ्यांसमोर काही नसते.

म्हणून मी मुद्दाम करकंब घेतो आहे. पंढरपूर–टेंभुर्णी रस्त्यावरचे, पंढरपूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. नाव काढले की बाहेरच्या माणसाला आधी इथली बाजार आमटी आठवते, आणि त्यात काही वावगे नाही. विसाव्या शतकातल्या एकाही मोठ्या लढाईच्या नकाशावर हे गाव नाही, आणि म्हणूनच ते कसोटीला बरे. जिथे तोफ वाजली नाही तिथे युद्ध पोचले का, पोचले तर कशावर बसून, आणि लढाई संपल्यावर परत गेले का, हे अशाच गावात तपासता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की युद्ध इथे कायद्याच्या पाठीवर बसून आले आणि युद्ध गेल्यावरही तो कायदा मुक्कामाला राहिला. त्यातला काही मुक्काम आपल्या हिताचा ठरला, काही घातक ठरला. आपण मात्र दोन्हींना कधी वेगळे करून पाहिले नाही.

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करू, पण तिथे फार रेंगाळायचे कारण नाही. साताऱ्यात आणि कोकणात काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले, अशा मजकुराच्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये तुर्कांच्या हाती सापडल्या. सोलापूरच्या पठारावरून भरती त्या मानाने कमी होती. इकडे युद्ध पोचले ते खिशात. फौजांचे पगार आणि माल खरेदी यांसाठी चांदीची मागणी इतकी वाढली की टांकसाळीला रुपये पाडणे झेपेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. रुपया दगडावर वाजवून घ्यायची सवय असलेल्या बाजारात न वाजणारा रुपया आला. लोकांनी चांदी घरात दडवली आणि कित्येक ठिकाणी नोटेवर बट्टा पडला. ती नोट १९२६ साली बंद झाली, १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीत परत आली, आणि इतर नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असताना एक रुपयाच्या नोटेवर आजही अर्थसचिवाची सही असते, ती त्या १९४० च्या व्यवस्थेमुळे.

याच युद्धातली दुसरी गोष्ट गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. पुढचे महायुद्ध येईपर्यंत दार बंद. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते. पुढच्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. गणवेश, पगार आणि पेन्शन म्हणजे बलुत्याच्या भाकरीवाचून जगण्याची सोय, हे ज्या वस्तीला कळले होते तिला युद्धाचा अर्थ गावातल्या पाटलाहून वेगळा लागणार, हे उघड आहे. आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवू. १९१५ साली युद्धापुरता म्हणून डिफेन्स ऑफ इंडिया कायदा झाला आणि बिनाचौकशी डांबण्याचे अधिकार सरकारला मिळाले. युद्ध संपताच ते सोडून देण्याऐवजी सरकारने १९१९ मध्ये रौलट कायदा आणला. म्हणजे युद्धाच्या गरजेपोटी जे दिले होते ते परत घेतले, आणि युद्धाच्या नावाने जे घेतले होते ते परत देण्याची वेळ आली तेव्हा नवा कायदा शोधला. हा हिशेब पुढे शतकभर चालला.

दुसरे महायुद्ध मात्र करकंबसारख्या गावात घरोघर शिरले. आधी पुन्हा नाण्यावरून. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी भोकाचा पैसा निघाला. ज्यांच्या घरी तो अजून असेल त्यांनी काढून पाहावा. मधोमध गोल भोक, त्यामुळे राजाच्या चेहऱ्याला जागा उरलेली नाही. वर नुसता मुकुट आहे. पोरांच्या करदोट्यात तो ओवला गेला. साम्राज्याची ओढाताण इतक्या स्वस्तात दुसऱ्या कुठल्या वस्तूत दिसत असेल असे वाटत नाही.

मग धान्य. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ थांबला. त्या डिसेंबरात दिल्लीत स्वतंत्र अन्न खाते उघडले. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे भुकेने मेली, आणि मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले. मुंबईला नेमाने धान्य पुरवायचे तर ते कुठून तरी उचलावे लागणार. मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्यावर लेव्ही आली. इतकी जमीन, इतके खाते, इतके पीक, म्हणून इतके धान्य सरकारी भावाने घालायचे. सोलापूर जिल्हा तसा अवर्षणाचा. इथली ज्वारी रब्बीची. परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी, आली तर मोत्यासारखी आणि नाही आली तर काहीच नाही. अशा पिकावर ठरावीक लेव्ही बसवायची म्हणजे आणेवारीवर सगळा खेळ. बांधावर उभा राहून पीक किती आणे आले हे ठरवणाऱ्या तलाठ्याच्या हातात आजवर शेतसाऱ्याची सूट असायची. आता घरातली कणगी आली.

लोकांनी त्याला जुनेच उत्तर दिले. या भागात ज्वारी पेवात ठेवायची रीत होती. जमिनीत रांजणासारखे खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद, आतून कडबा-पाचट लावून लिंपलेले पेव. वर दगड, दगडावर माती, आणि मातीवर बैल बांधला की झाले. वर्ष-दोन वर्षे ज्वारी टिकायची. उघडताना मात्र जपावे लागे. आत वायू कोंडलेला असतो. तोंड मोकळे करून ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा आणि तो विझला तर माणसाने उतरायचे नाही. दुष्काळासाठी शोधलेली ही युक्ती महायुद्धात सरकारपासून धान्य दडवण्याच्या कामी आली. ज्याचे पेव शेजाऱ्याने दाखवून दिले त्याची ज्वारी गेली, ज्याचे तलाठ्याशी जमले त्याची राहिली. ज्याच्याकडे पेव भरायला धान्यच नव्हते, त्या शेतमजुराला मात्र रेशनचा आधार झाला. ही तिसरी बाजू लेव्हीच्या गोष्टी सांगताना आपल्याकडे सोयीस्करपणे गाळली जाते, कारण गोष्टी सांगणारे बहुधा पेववाल्यांच्या घरातले असतात.

हे सगळे चालत होते डिफेन्स ऑफ इंडिया नियमांपैकी ८१ व्या नियमाखाली. धान्य, साखर, कापड, रॉकेल यांची किंमत, साठा, वाहतूक आणि वाटप ठरवण्याचे अधिकार त्यात होते. युद्ध १९४५ च्या ऑगस्टमध्ये संपले आणि नियमांची मुदत सप्टेंबर १९४६ मध्ये संपत होती. ती संपायच्या सुमारास जीवनावश्यक पुरवठ्याचे तात्पुरते अधिकार देणारा नवा कायदा आला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ३६९ व्या कलमात संसदेला असे अधिकार पाच वर्षांपुरते दिले. पाच वर्षे संपत आली तेव्हा १९५४ मध्ये तिसरी घटनादुरुस्ती करून ते कायमचे केले, आणि १९५५ साली जीवनावश्यक वस्तू कायदा झाला. लढाईच्या धुरात लिहिलेला नियम अशा तीन-चार पायऱ्या चढून शांततेच्या कायद्यात येऊन बसला.

या वाटेवर एकदा कुणीतरी हात आडवा घातला होता. गांधीजींनी. १९४७ च्या हिवाळ्यात दिल्लीतल्या प्रार्थनासभांमधून ते नियंत्रणांविरुद्ध बोलत राहिले. नियंत्रणे माणसाला लबाड करतात, शेतकऱ्याला धान्य दडवायला आणि अधिकाऱ्याला खायला शिकवतात, असा त्यांचा सूर होता. सरकारने ऐकले. त्या डिसेंबरात साखर मोकळी झाली, धान्यावरची नियंत्रणेही उठू लागली. पुढे काय झाले ते गांधीवाद्यांनी फारसे सांगितले नाही. वर्ष उलटायच्या आत घाऊक किमती सुमारे तीस टक्क्यांनी चढल्या आणि १९४८ च्या सप्टेंबरअखेर सरकारने नियंत्रणे परत आणायचा निर्णय घेतला. गांधीजींचे निदान खरे होते, औषध लागू पडले नाही. त्यावर वाद घालायला ते तेव्हा हयात नव्हते.

१९४८ हे एकच वर्ष असे आहे की ज्यात उलथापालथ या भागात बातमी म्हणून नव्हे, अंगावर आली. ३० जानेवारीच्या गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्यावरच आहे. त्या दंगलींचा समग्र हिशेब सरकारने कधी मांडला नाही. जी कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली त्यांनी तो घरातल्या बोलण्यात ठेवला आणि गावांनी मौनात.

त्याच वर्षी बार्शीच्या पलीकडे, निजामाच्या हद्दीत, रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. लातूरहून निघणारी बार्शी लाइट रेल्वे बार्शी, कुर्डुवाडी, मोडनिंब करत पंढरपूरला येई. वारकऱ्यांना आणणाऱ्या त्याच अरुंद रुळांवर दोन राज्ये जोडलेली होती. हद्दीलगत हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, निर्वासितांचे लोंढे सोलापूर-बार्शीकडे येत होते. भारत सरकारने हैदराबादची आर्थिक कोंडी केली, आणि ती करता आली ती महायुद्धाने मागे ठेवलेल्या परवान्यांच्या आणि नाक्यांच्या यंत्रणेमुळे. निजामाच्या राज्यातही युद्धकाळापासून सक्तीची धान्यवसुली होती. तेलंगणातला शेतकरी हत्यार घेऊन उठला त्याच्या कारणांत वेठबिगारीबरोबर ही वसुलीही होती. लेव्ही हद्दीच्या दोन्ही बाजूंना होती. एका बाजूला पेवे खणली गेली, दुसऱ्या बाजूला बंड झाले. फरक राज्यकर्त्यांच्या दयाबुद्धीचा नव्हता, जमीन कोणाच्या नावावर होती त्याचा होता, असे मला वाटते.

१३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांची फौज सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. १७ तारखेला निजामाने हार मानली, १८ ला शरणागती झाली. पाच दिवसांचे युद्ध, शाळेत सांगायला सोपे. पण त्याच्या मागोमाग जे झाले ते पाच दिवसांत आटोपले नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे वर्षअखेरीस त्या मुलखात फिरले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्याचे त्यांनी लिहिले, आणि एकूण मृतांचा कमीत कमी अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. त्यांचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे, त्यानंतरची सूडाची हत्याकांडेही खरी. उस्मानाबाद म्हणजे आपल्या जिल्ह्याचा शेजार. करकंबहून तुळजापूरला जाणाऱ्या माणसाची गाडी याच मुलखातून जाते. जे सरकारला उपयोगाचे होते ते युद्धानंतर कायद्याच्या पुस्तकात गेले. जे अडचणीचे होते ते फायलीत बंद झाले. आणि आपण नागरिकांनी दोन्ही वेळा फारशी चौकशी केली नाही.

आता युद्धातून आलेल्या या व्यवस्थेची दुसरी शाखा, स्थानबद्धतेची. सोलापूरने तिचे उघडे रूप पाहिले आहे. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी शहरात गोळीबार झाला, पुढचे दोन-तीन दिवस तिथे इंग्रज सरकार उरले नाही आणि १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला. पण तो ३० जूनला उठवावा लागला. रस्त्यावर उभा असलेला शिपाई रोज डोळ्यांत खुपतो, म्हणून त्याला परत बोलवावे लागते. परिपत्रकातून आलेला अधिकार कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही आणि म्हणूनच टिकतो.

घटना लागू झाल्यावर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला, तो एका वर्षासाठी म्हणून. मुदती वाढत वाढत १९६९ च्या अखेरीपर्यंत चालला. चीनने हल्ला केला तेव्हा २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी पुकारली. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ रोजी. मधल्या पाच वर्षांत भारत संरक्षण नियमांखाली कम्युनिस्टांना डांबले गेले, आणि चीनशी त्यांतल्या किती जणांचा काय संबंध होता हे कोर्टात कुणाला सिद्ध करावे लागले नाही. ३ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश युद्धासाठी पुन्हा आणीबाणी आली. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली, पुढच्या जुलैत सिमला करार झाला. आणीबाणी तशीच राहिली. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी दुसरी आणीबाणी लादली ती या पहिलीच्या डोक्यावर. आपण पंचाहत्तरच्या आणीबाणीबद्दल एवढे लिहितो-बोलतो, पण जून १९७५ च्या आधी साडेतीन वर्षे देश युद्ध नसताना युद्धाच्या आणीबाणीतच राहत होता, हे कुणी बोलत नाही. बिनाचौकशी डांबणारा मिसा कायदाही १९७१ चाच. १९७५ साली नवे हत्यार फारसे घडवावे लागले नाही. ते म्यानात होतेच.

चीन युद्धाचा एक फटका तर थेट बाजारपेठेतल्या एका दुकानाला बसला. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आणले. परकीय चलन वाचवायचे आणि सोन्याची हौस मोडायची, म्हणून नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी. गावातल्या सोनाराचा हात बावीस-तेवीस कॅरेटला बसलेला. ते सोने मऊ, हातोडीला ऐकणारे. चौदा कॅरेटात इतर धातूंची भर मोठी. ते ताठ राहते, रंगही बदलतो. बोरमाळ, ठुशी, मंगळसूत्राच्या वाट्या, हे कोण चौदा कॅरेटात करून घेणार? गिऱ्हाईक तुटले. देशभर लाखो कारागिरांचा धंदा बसला, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये सैल झाली, पण नियंत्रणाचा कायदा १९६८ साली वेगळा करून ठेवला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडले. हिमालयातली महिन्याभराची लढाई आणि खेड्यातल्या सोनाराच्या शेगडीवर सत्तावीस वर्षे पहारा. तुलनेला म्हणून सांगतो, १९७१ च्या निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लागत असे. ते १९७३ मध्ये खरोखर बंद झाले. सरकारला परत घेता येते. मनात असेल तर.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग हे सगळे जाळून टाका. तिथेच मी थांबतो. १९७२ चा दुष्काळ आठवा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडत, नालाबांध घालत. बंगालच्या तीस वर्षांनंतर, बिकट पीकबूड असूनही महाराष्ट्रात माणसे तशी मेली नाहीत. त्याचे एक कारण रोजगार, आणि दुसरे म्हणजे गावात पोचलेले स्वस्त धान्य दुकान. त्या दुकानात आलेल्या लाल मिलोला लोकांनी नावे ठेवली, भाकरी थापताना मोडते म्हणून बायका वैतागल्या. मालदांडी खाणाऱ्या मुलखाला अमेरिकेत जनावरांना घालतात ती ज्वारी खावी लागली, हा अपमानही खराच होता. त्याआधी पीएल ४८० चा गहू यायचा, आणि तो शीतयुद्धाच्या हिशेबाने यायचा. १९६६ मध्ये भारत व्हिएतनाम युद्धावर टीका करतो म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन एकेका जहाजाची दोरी हातात धरून बसले होते. तरीही शेतमजुराच्या घरातली चूल त्या दुकानाने पेटती ठेवली. महायुद्धाचे रेशन आणि महायुद्धाची स्थानबद्धता ही एकाच घरातली भावंडे. पण एकाच घरातली म्हणून दोघांना एकच शिक्षा किंवा एकच माफी देणे हा शहाणपणा नव्हे. आपण केले ते याहून वाईट. दोघांनाही न विचारता घरात राहू दिले.

आणि आता ऊस. उजनीचे पाणी आल्यावर या भागाचे पीक बदलले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. करकंबच्या शेतकऱ्याला दर साली ज्या एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरासाठी, भांडावे लागते ती केंद्र सरकार ठरवते, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली. तो आदेश निघाला १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून, तो कायदा १९४६ च्या तात्पुरत्या अधिकारांतून, आणि ते अधिकार दुसऱ्या महायुद्धाच्या ८१ व्या नियमातून. उसाच्या किमान भावाची कल्पना त्याहून जुनी, १९३४ च्या ऊस कायद्यातली, हे खरे. पण तो अधिकार प्रांतांचा होता. साऱ्या देशाच्या उसाला दिल्लीतून भाव लावण्याचे बळ युद्धातून आले. डाळींचेही तेच. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा आली ती याच कायद्याने. बाजार आमटीत पडणाऱ्या डाळीवरही त्या युद्धाची नजर आहे.

शरद जोशींची शेतकरी संघटना या कायद्याला शेतकऱ्याच्या गळ्यातला फास म्हणत आली. शहराला स्वस्त खायला घालण्यासाठी भाव पाडण्याचे हत्यार, ही त्यांची मांडणी पुष्कळ अंशी बरोबर आहे. कांद्याने ती दर दोन-तीन वर्षांनी खरी करून दाखवली. २०२० साली केंद्राने कायद्यातले हे अधिकार आखडते घेतले, ते शेती कायद्यांच्या गठ्ठ्यात बांधून, संसदेत धड चर्चा न होऊ देता. पुढच्या वर्षी गठ्ठ्याबरोबर ती दुरुस्तीही रद्द झाली. महायुद्धातला नियम ज्या घाईने आला, त्याच घाईने तो घालवायचा प्रयत्न झाला आणि त्याच घाईने परत आणला. शांतपणे, एकेक कलम पुढे ठेवून, हे राहू दे आणि हे जाऊ दे, अशी चर्चा ऐंशी वर्षांत एकदाही झालेली नाही. ऊस पिकवणारा तर दोन्हीकडून अडकलेला. कायदा गेला तर एफआरपी जाईल ही भीती, राहिला तर साखरेचा भाव दिल्लीच्या मुठीत.

त्याच आदेशात त्याच्या हिताचे एक कलम आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. पैसे थकले की पुण्याचे साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात, तो जिल्हाधिकाऱ्याकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे. जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करायची. म्हणजे कारखान्याची साखर, मळी, वेळ पडल्यास जमीनही जप्त करायची. १९४४ साली याच महसूल खात्याच्या तलाठ्याला मातीखालचे पेव शोधायला एक हंगाम पुरत असे. आता जप्त करायचा माल गोदामात थप्पी लावून उघड दिसत असतो आणि दाखला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोचेपर्यंत बऱ्याचदा पुढचे गाळप सुरू झालेले असते.